आरिया म्हणजे खाली

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. एका जागी बसणं मला जन्मात जमलं नाही. फोनवर बोलतानासुद्धा माझ्या हातात फडकं असतं. पण त्या वर्षी आमच्या घरात माझ्याहून जास्त येरझाऱ्या घालणारं एक माणूस निघालं, ते म्हणजे आमचे हे. आणि घालायच्या कुठे, तर जिन्यात. डॉक्टरांनी नेमकं तेच करू नका म्हणून बजावलेलं.

आमची बिल्डिंग विरारला, पश्चिमेला. नव्वद सालानंतर तिथे धडाधड उभ्या राहिल्या त्यांतलीच एक. चार मजले, लिफ्ट नाही, पाणी टँकरचं. आम्ही तिसऱ्यावर. बिल्डरने खोल्या बऱ्या काढल्या, पण जिन्याला हात आखडता घेतला. समोरून कोणी आलं की एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं. दोन मजल्यांच्या मध्ये वळण, आणि प्रत्येक वळणावर भिंतीतून पुढे आलेला एक खांब. तो तिथे कशाला, हे बिल्डरलाही सांगता आलं नसतं. बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या कपाटांचे ओरखडे त्याच्यावर आहेत.

पण कपाट कुणाचं मोडलं नाही, कारण ते चढवायला ह्यांना बोलवायचे. हे मुंबईच्या गोदीत मुकादम. बोटीवरचा माल उतरवणारी एक टोळी ह्यांच्या हाताखाली होती. क्रेनवाल्याला माल वर घे म्हणायचं तर ‘हबेस’ आणि खाली सोड म्हणायचं तर ‘आरिया’. कुठल्या मुलखाचे शब्द, देव जाणे. हे म्हणायचे, पोर्तुगीज खलाशी सोडून गेले. असेल बाई, आमच्या वसईला पाव दिला, गोदीला हे दोन शब्द दिले. लेक लहान असताना तिला उचलताना ‘हबेस’, पाळण्यात ठेवताना ‘आरिया’. गॅसचा सिलिंडर सरकवतानाही तेच. मी चिडून म्हणायची, घर आहे हे, धक्का नव्हे.

गोदीचा एक नियम मात्र ते घरातही पाळायचे. माल हलवताना हुकूम एकाच तोंडाचा. दोन तोंडं झाली की माल पडतो. कपाट चढत असलं की हे बाजूने चालायचे, दोन्ही टोकं दिसतील असे, आणि बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं. एकदा खालच्या मजल्यावरच्या एका साहेबांनी मध्येच ‘जरा डावीकडे’ म्हटलं, तर ह्यांनी कपाट तिथेच टेकवायला लावलं आणि त्यांना म्हणाले, आता तुम्हीच न्या. साहेब बिचारे घरात गेले.

गोदीतली माणसं कमी करायला लागले तेव्हा ह्यांनीही लवकर निवृत्ती घेतली. मग दोनेक वर्षांत दम लागायला लागला. आधी वाटलं खोकला, मग वाटलं वजन. वसईच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की हृदयाचा पंप थकलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही. गोळ्या, मीठ कमी, आणि जिने चढू नका. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला सांगतात जिने चढू नका! मी बाहेर येईपर्यंत कशीबशी गप्प राहिले आणि रिक्षात बसल्यावर त्या डॉक्टरला मनसोक्त शिव्या घातल्या. हे खिडकी नसलेल्या रिक्षातून बाहेर बघत बसले होते.

त्याच दिवशी ते झालं. आम्ही रिक्षातून उतरून जिना चढत होतो. हे दर वळणावर थांबून दम खात होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वरून गलका ऐकू आला, आणि बघतो तर चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांना खाली आणत होते. ते सकाळी गेले, आम्ही दवाखान्यात असताना. कामाचा दिवस, पुरुषमंडळी सगळी मुंबईला. होते नव्हते त्यांनी गोळा होऊन प्रेत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं आणि छातीपाशी लुगड्याने बांधलं होतं. मान एका बाजूला कलंडलेली. खांबापाशी खुर्ची अडकली. एकजण म्हणे उचल, दुसरा म्हणे तिरकी कर. आम्ही भिंतीला चिकटून उभे होतो, आणि गेलेल्या माणसाचा लोंबता हात माझ्या पदराला घासून गेला.

खुर्चीच्या मागे बायाबापड्यांची गर्दी. आणि त्या सगळ्यांच्या मागे, वर कुठेतरी, त्यांच्या बायकोचा आवाज. “अरे थांबा रे. मला येऊ द्या.” पण जिन्यात तिला वाट कोण देणार, आणि कशी? आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. फाटकापर्यंत यायचं, तिथून परत. तेवढंच बाईच्या वाट्याचं. तेही तिला मिळालं नाही. ती खाली पोचली तेव्हा गाडी गेली होती, आणि ती फाटकाशी उभी राहून ज्याला त्याला विचारत होती, कुठल्या बाजूने गेले, म्हणून.

घरी आल्यावर ह्यांनी पाणी मागितलं नाही, गोळ्यांची पिशवीही उघडली नाही. खुर्चीत बसायला गेले आणि पुन्हा उभे राहिले. दिवाणावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवसापासून ते जिन्यात दिसायला लागले. हळूहळू उतरायचे, पायरीवर बसायचे, दम ओसरला की चढायचे. कधी वितीने खांब मोजताहेत, कधी कठड्यापासून भिंतीपर्यंत काठी आडवी धरताहेत. मी वरून ओरडायची. लोक येता-जाता विचारायचे, काका, कुणाचं कपाट येतंय? हे म्हणायचे, येत नाही, जायचंय. मला मेलीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शुभ बोल नाऱ्या तर म्हणे मांडवाला आग लागली, तसलीच गत.

लेक नाशिकला. तिला फोन केला तर ती म्हणाली, बाबांसमोर तो विषयच काढू नकोस, त्यांना उमेद दे. आता उमेद द्यायची कुठल्या माणसाला, तर जो काठी घेऊन स्वतःच्या प्रेताची रुंदी मोजतोय त्याला. मी आगाशीच्या भावाला सांगितलं. तो म्हणाला, सरळ इकडे घेऊन ये, आपली ओटी ऐसपैस, अंगण आहे, काही झालं तर कुणाला जिना उतरावा लागणार नाही. मी मोठ्या आशेने ह्यांना सांगितलं. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भातावर भलतंच काही वाढलं होतं. “सासुरवाडीला मरायला जाऊ? लोक काय म्हणतील?” म्हणजे मरण चालतं, पण सासुरवाडीचं नको.

समोरच्या दारात एक मास्तर राहायचे. वसईकडच्या गावातले, ख्रिस्ती, शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी घरी. माझा त्यांच्यावर भरवसा. मी त्यांना म्हटलं, तुम्ही शिकलेले, तुम्ही जरा समजवा, हे सारखं मरणाचं घेऊन बसलेत. तर मास्तर शांतपणे म्हणाले, “काकू, आम्ही तर रोज प्रार्थनेत चांगलं मरण मागतो.” मी म्हटलं, अहो, देवाकडे मागायला दुसरं काही सुचत नाही का तुम्हाला? ते हसले. म्हणाले, आमच्या गावात कुणी गेलं की चर्चची घंटा वाजते, शेतातला माणूस शेत टाकून येतो. आपल्या बिल्डिंगमध्ये दुपारच्याला घंटा वाजवली तर ऐकायला कोण आहे? काकांचं तेच चाललंय. ते माणसं जमवताहेत.

म्हणजे समजवायला पाठवलेला मास्तर ह्यांच्या टोळीत भरती झालेला. माणसं ह्यांनी नेमकी निवडली होती. रविवारी मरायचं नशीब सगळ्यांचं नसतं, तेव्हा वार कुठलाही असला तरी दिवसा घरी सापडतील अशी. मास्तर. दुसऱ्या मजल्यावरचे एक रात्रपाळीवाले. आणि तळमजल्यावरचे डेअरीवाले दोघे भाऊ. चौघं आमच्या हॉलमध्ये बसून चहा पीत होते, आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. आपटून आपटून एका पातेल्याला पोचा आला.

ताडपत्री कापून ह्यांनी झोळी केली. कडेला दोरीचे पट्टे शिवले, खांद्यावर घ्यायला. चार कोपऱ्यांना चार माणसं नाहीत, तर दोघं पुढे, दोघं मागे, एकामागे एक, आणि सगळे भिंतीच्या बाजूने. डेअरीवाला म्हणाला, काका, असं जड जाईल, दोघं कठड्याकडून धरू ना. ह्यांनी मान हलवली. कठड्याची बाजू मोकळी लागते, म्हणाले. मी मनात म्हटलं, मोकळी कुणाला लागते? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, मुकादमाला मालाच्या बाजूने चालायची सवय. पण त्या दिवशी मुकादम झोळीत असणार, हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही.

पहिली तालीम माझ्या तांदळाच्या पोत्यावर झाली. पोतं व्यवस्थित उतरलं आणि व्यवस्थित वर आलं, मी तोंडाला पदर लावून बघत होते. एवढ्यावर थांबतील तर ते आमचे हे कसले. म्हणाले, पोत्याला मान नसते. आणि माझ्या डोळ्यांदेखत झोळीत जाऊन आडवे झाले, हात छातीवर. आतूनच आवाज दिला, “हबेस.” चौघांनी उचललं. “आरिया.” चौघं पायरी उतरले.

असं सोंग करू नये, यमाला आमंत्रण दिल्यासारखं होतं, एवढं तर शेंबडं पोरही जाणतं. त्यात दुसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आजींनी दार उघडलं, झोळी बघितली आणि गळाच काढला. हे झोळीतून मान वर करून म्हणाले, आजी, अजून वेळ आहे. आजींची दातखीळ बसायची बाकी राहिली. चौघंही हसायला लागले, झोळी हलायला लागली, आणि हे आतून ओरडले, हसायचं नाही, हुकूम ऐका. मग मास्तरांनी हसू आवरून विचारलं, काका, त्या दिवशी हुकूम कोण देणार? हे म्हणाले, आहे माणूस.

मी चपला घातल्या, त्या पाचजणांना ओलांडून खाली उतरले आणि मिळेल त्या एसटीने आगाशी गाठली. भावजय चहा टाकायला लागली, मी बसले नाही. भावाच्या केळीच्या वाडीत गेले. उगाच वाळकी पानं ओढत राहिले. मोठ्याने रडले तिथे, वाडीत कोणी नव्हतं म्हणून. मला राग आला होता, त्यांच्या मरणाचा नव्हे, त्यांना ते इतकं नीट जमत होतं त्याचा. माझं काय? मी कुठली तालीम करायची होती? ते गेल्यावर सकाळी उठून एकाच कपात चहा ओतायची? भाऊ म्हणाला, राहा दोन दिवस. पण तिथेही जीव लागेना. दम लागला तर वाफ कोण देईल, उशी कोण लावेल, ह्याच विचाराने परतीची एसटी धरली.

घरी आले तर हे अळणी भात पुढ्यात घेऊन बसले होते, खात नव्हते. मी म्हटलं, एवढी कसली हो हौस मरणाची?

“मरणाची नाही गं,” ते म्हणाले. “मरण काय माझ्या हातात आहे? जिना आहे.”

मग म्हणाले, त्या वरच्या वहिनी बघितल्यास ना. मी म्हटलं, बघितल्या. मला वाटलं, ते खुर्चीचं बोलताहेत. मी म्हटलं, तुम्हाला खुर्चीत बांधून नाही नेऊ देणार मी, माझी शपथ. त्यांनी मान डोलावली आणि भात खाल्ला. मीही मग त्यांच्या ताटातलेच दोन घास खाल्ले, उभ्याने.

त्यानंतर हे जिन्यात गेले नाहीत. ताडपत्री घडी करून दिवाणात ठेवली, आणि माणूस एकदम निवांत झाला. आता फिरायची मीच उरले. गॅलरीत जा, आत ये, त्यांच्या छातीकडे बघ, हलतेय का, पुन्हा गॅलरीत जा. ते डोळे मिटून म्हणायचे, बस गं जरा. मी म्हणायची, तुम्ही फिरलात तेव्हा मी बोलले का काही? बोलले तर होतेच, चांगली गळा फाडून.

पावसाळा गेला, दिवाळी झाली. लेक येऊन राहून गेली. आणि एका कामाच्या दिवशी, सकाळची गर्दी बिल्डिंगमधून निघून गेल्यावर, हे गेले. मी टँकरचं पाणी पिंपात भरत होते. त्यांनी हाक मारली असं वाटलं म्हणून आत आले, आणि ते होते आणि नव्हते. मी नळ बंद करायला विसरले. पाणी हॉलपर्यंत आलं तेव्हा समोरचे मास्तर, शाळेतून नुकते परतलेले, दारातून आत आले, आणि त्यांनी आधी नळ बंद केला.

लेक-जावई नाशिकहून यायला दुपार कलली. तोवर आगाशीहून भाऊ आला, ह्यांचे दोघे-तिघे नातेवाईक आले. बायका भरल्या. मला कुणी एका जागी बसू देईना, म्हणजे उलट, उठू देईना. दोन्ही बाजूंनी धरून ठेवलेलं. तिरडी खाली बांधून तयार झाल्याचा निरोप आला. भाऊ जिना बघून आला आणि म्हणाला, झोपवून नाही उतरणार, खुर्ची आणा एक. मी तोंड उघडलं तर आवाज फुटेना. शपथ घेतलेली मी, आणि माझी वाचा बसलेली.

मास्तर म्हणाले, खुर्ची नको. त्यांनी दिवाण उघडून ताडपत्री काढली. डेअरीवाले भाऊ आले, रात्रपाळीवाले डोळे चोळत आले. मास्तरांनी सगळ्या बायकांना सांगितलं की एकतर आधी खाली जा, नाहीतर घरात थांबा, जिना मोकळा हवा. शिकवायची सवय असलेला आवाज, सगळ्यांनी ऐकलं. ह्यांना झोळीत ठेवलं, पाय दाराकडे. चौघांनी पट्टे खांद्यावर घेतले, उचललं आणि दाराबाहेर जाऊन भिंतीच्या बाजूने उभे राहिले. आणि उभेच राहिले.

भाऊ म्हणाला, चला की. कुणी हललं नाही. भाऊ मला म्हणाला, अक्का, तू वरच थांब, तिथे दाटी होईल.

“काकूंची जागा आहे,” मास्तर म्हणाले. मानेनेच त्यांनी कठड्याची बाजू दाखवली. “काकांनी मोजून ठेवलीय.”

मी बघितलं. झोळी आणि कठडा ह्यांच्यामध्ये एक वाट होती. एका बाईपुरती. इतके दिवस काठी आडवी धरून माणूस काय मोजत होता ते मला तेव्हा कळलं, आणि माझा पाय उंबऱ्यातच अडला. मला धरलेले हात मी सोडवले. गेले आणि त्यांच्या खांद्यापाशी उभी राहिले. तरी चौघं हलेनात. मी मास्तरांकडे बघितलं.

“हुकूम द्या काकू,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचा नाही, असं सांगून गेलेत.”

आख्खा जिना गप्प होता. आयुष्यभर मी त्या शब्दाची टिंगल केली होती. घसा खाकरला, तरी आवाज चिरकाच आला.

“आरिया,” मी म्हटलं.

चौघं एक पायरी उतरले. मीही उतरले. आरिया, मी म्हटलं, आणि ते उतरले. वळणावर खांब आला तेव्हा मी हात आडवा केला, पुढच्यांना उंच घ्या म्हटलं, मागच्यांना दमाने. खांबाला झोळीचा स्पर्श झाला नाही. एक हात कठड्यावर होता, दुसरा ह्यांच्या खांद्यावर. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी दारात उभ्या होत्या, ह्या खेपेला गप्प. मी आरिया, आरिया म्हणत सगळा जिना उतरले, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून ते तसंच वाहू दिलं. घाई कुणी केली नाही. मी म्हटल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नव्हतं.

खाली वरच्या मजल्यावरच्या वहिनी उभ्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, “आलीस गं, खालपर्यंत आलीस.” आणि त्या रडल्या, माझ्यापेक्षा जास्त.

ह्यांना तिरडीवर ठेवलं, बांधलं, फुलं वाहिली. जावयाने मडकं हातात घेतलं. भाऊ, मास्तर आणि दोघे-तिघे उचलायला वाकले. भावाने इकडे तिकडे बघितलं, मास्तरांनी माझ्याकडे. मी फाटकापाशी होते, तिथून पुढे मला जायचं नव्हतं. तिरडीची दोन्ही टोकं मला नीट दिसत होती.

मी म्हटलं, “हबेस.”